पाण्याशी वैर असलेली रसायने: त्यांची साठवण व हाताळणी

मृग जवळ आला की रेणापूर परिसरातील शेतकरी कुटुंबांत दोन कामांची एकाच वेळी घाई होते. रब्बीची ज्वारी व हरभरा आणि त्याआधी निघालेली तूर वर्षाच्या बेगमीसाठी कोठ्यांत भरून बंद करावयाची असते. आणि पेरणीपूर्वी खते, औषधे, चुना, मोरचूद, ठिबक संच धुण्याचे ॲसिड अशी सामग्री आणून ठेवावयाची असते. ही दोन्ही कामे बहुधा एकाच खोलीत होतात, आणि ती खोली बहुधा पत्र्याची असते. पहिल्या जोरदार सरीला त्या पत्र्यातून ठिबकणारे पाणी नेमके कशावर पडणार आहे, ह्याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

शेतीतील बहुतेक रसायने ओल लागल्याने केवळ निकामी होतात. युरियाचे ढेकूळ बनते, भुकटी औषधाचा लगदा होतो. नुकसान होते ते पैशाचे. परंतु थोडी रसायने अशी आहेत की ती कोरडी असेपर्यंत शांत असतात आणि पाणी लागताच जागी होतात. कोणी विषारी वायू सोडते, कोणी उकळी फुटावी इतके तापते, कोणी पेट घेते. गळती झाली, सांडले, वास सुटला की पाण्याची बादली ओतावयाची ही आपली जन्माची सवय आहे. येथे ती सवयच घातक ठरते. सन २०१६ मध्ये ज्या जिल्ह्याला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तेथील शेतकऱ्याला पाण्याचे मोल निराळे सांगावयास नको. पण पाणी कोठे वापरू नये, हेही त्याला ठाऊक असणे तितकेच जरूर आहे.

धान्यात ठेवावयाच्या गोळ्या

ह्या वर्गातील सर्वांत धोक्याचा पदार्थ शेतकऱ्याच्या घरात अगदी सहजपणे वावरतो. धान्यातील कीड मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या करड्या रंगाच्या गोळ्या, ज्यांना लोक 'सेल्फॉस' किंवा 'सल्फास' ह्या नावाने ओळखतात, त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइड ह्या रसायनाच्या असतात. नेहमीची गोळी ३ ग्रॅम वजनाची असून तीत ५६ टक्के ॲल्युमिनियम फॉस्फाइड असते. हवेतील दमटपणा, धान्यातील ओलावा किंवा प्रत्यक्ष पाणी लागताच गोळी फुलू लागते व तिच्यातून फॉस्फीन नावाचा वायू निघतो. एका गोळीतून सुमारे १ ग्रॅम वायू मिळतो. शेवटी उरते ती करडी-पांढरी राख.

कीड मारणारा तो हा वायू होय, गोळी नव्हे. आणि त्याला किडा व माणूस हा भेद कळत नाही.

एक ग्रॅम म्हणजे किती थोडे, असे कोणास वाटेल. म्हणून साधा हिशेब करून पाहू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशी बंद खोली घेतली आणि तीत एकाच गोळीचा सर्व वायू मिसळला, तर हवेच्या दहा लाख भागांत फॉस्फीनचे सुमारे २५ भाग होतात. कामगारांनी दिवसभर वावरावयाच्या जागी ह्या वायूची मर्यादा दहा लाखांत ०.३ भाग इतकी धरली जाते. म्हणजे एकाच गोळीने ती मर्यादा ऐंशी पटींहून अधिक ओलांडली. दहा लाखांत ५० भाग हे प्रमाण जीवास तत्काळ धोका उत्पन्न करणारे मानले जाते, आणि तेथवर पोहोचावयास दोन गोळ्या पुरतात. घरोघरी कोठीत गोळ्या टाकताना मोजून टाकणारे थोडे आणि 'चार जास्त असू द्या' म्हणणारे पुष्कळ, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या हिशेबाचे गांभीर्य कळेल.

हा वायू हवेपेक्षा किंचित जड आहे. पण तो खाली बसून राहतो असे मात्र नाही. तो पोत्यांतून, फळ्यांच्या फटींतून, मातीच्या भिंतीच्या भेगांतून शेजारच्या खोलीत सहज शिरतो. धान्याची कोठी एका खोलीत आणि मुले निजलेली दुसऱ्या खोलीत, एवढ्याने मुले सुरक्षित झाली असे समजू नये. रात्री दारे-खिडक्या बंद असतात, माणसे झोपेत असतात, डोके दुखू लागले तरी जाग येत नाही. घरात गोळ्या वापरल्यामुळे होणारे अपघात गंभीर होतात ते ह्याच कारणाने.

वासावर विसंबण्याची चाल तर सोडूनच द्यावी. ह्या वायूला लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो असे सांगतात, व पुष्कळदा तो येतोही; परंतु तो वास मुख्यतः त्यातील भेसळीच्या वायूंचा असतो. वास येत नाही म्हणजे वायू नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे.

येथे जुन्या चालीविषयी थोडे सांगणे जरूर आहे. मराठवाड्यात धान्य पेवात व बळदात ठेवण्याची रीत फार जुनी. पेव उघडल्यावर त्यात लगेच उतरावयाचे नाही, काही काळ तोंड मोकळे ठेवावयाचे, मग दिवा खाली सोडून पाहावयाचा; दिवा विझला तर उतरावयाचे नाही, हे वडीलधाऱ्यांचे शहाणपण अगदी शास्त्रशुद्ध होते. पेवात साठलेला कर्बद्विप्राणिद वायू दिवा विझवितो व माणसालाही गुदमरवितो. परंतु फॉस्फीनच्या बाबतीत ही परीक्षा उपयोगी नाही. माणसास मारण्याइतका फॉस्फीन हवेत असताना दिवा खुशाल जळत राहतो; आणि वायू दाट झालेला असेल, तर दिव्यानेच भडका उडण्याची भीती असते. जुन्या पेवात नवी गोळी टाकली की जुने शहाणपण अपुरे पडते, असे म्हणावे लागते.

पाण्याने काय होते ह्याचे एक दुःखद उदाहरण अमेरिकेतील टेक्सास राज्यातले आहे. २०१७ च्या जानेवारीत अमारिलो ह्या शहरी एका कुटुंबाने उंदरांच्या उपद्रवासाठी घराखाली ह्याच रसायनाच्या गोळ्या टाकल्या होत्या. पुढे वासाचा त्रास होऊ लागला म्हणून घरातील माणसाने त्या पाण्याने धुऊन टाकण्याचा प्रयत्न केला. जो वायू हळूहळू निघत होता तो एकदम उसळला आणि त्या घरातील चार मुले दगावली. हेतू घर स्वच्छ करण्याचा होता, एवढेच येथे ध्यानात घ्यावे. आपल्याकडेही कोठीतील राख ओल्या फडक्याने पुसणे, सांडलेल्या गोळ्यांवर पाणी मारून त्या मोरीत लोटणे, हे प्रकार सर्रास चालतात.

आता कायद्याविषयी. कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याखालील नियम १९७१ चे आहेत. त्यानुसार ह्या गोळ्यांचा वापर सरकारी संस्था, सरकारी उपक्रम व मान्यताप्राप्त कीडनियंत्रण करणारे ह्यांनीच, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करावयाचा आहे. ३ ग्रॅमच्या १० वा २० गोळ्या असलेल्या नळ्यांचे उत्पादन, विक्री व वापर तर जुलै २००१ च्या अधिसूचनेने पूर्ण बंद करण्यात आला. 'दुकानात मिळतात त्या अर्थी चालत असतील', असे शेतकरी आम्हांस ऐकवितात. मिळणे व चालणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किती धान्यास किती गोळ्या, ही मात्रा ह्या लेखात मुद्दामच दिलेली नाही. राहत्या घरासाठी तिची योग्य मात्रा शून्य हीच होय.

मग धान्य कसे राखावे

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून वरील उपदेशास अर्थ नाही. कोठारातील किडीचे खरे खाद्य जितके धान्य, तितकाच धान्यातील ओलावा. ज्वारीत तो १२ टक्क्यांहून कमी व तूर-हरभऱ्यासारख्या कडधान्यांत ९ ते १० टक्क्यांवर आला की किडीची वाढ मंदावते. वैशाखाचे ऊन आपल्याकडे फुकट मिळते. त्याचा पुरेपूर उपयोग करावा. दाणा दाताखाली कट्कन वाजेपर्यंत वाळवावा आणि वाळविल्यावर तो थंड होऊ देऊन मगच भरावा. गरम धान्य कोठीत भरले तर रात्री कोठीच्या अंगाला आतून पाणी सुटते व वरचा थर बुरसतो.

कडधान्यातील भुंगा बहुधा शेतातूनच शेंगेबरोबर येतो आणि अखंड दाण्यावर अंडी घालतो. म्हणून खाण्यापुरत्या तुरीची व हरभऱ्याची लवकर डाळ करून ठेवली तर त्याचा उपद्रव पुष्कळच कमी होतो. अखंड ठेवावयाच्या दाण्यास किलोस ५ मिलिलिटर ह्या प्रमाणात खाद्यतेल चोळावे. आपल्या आयाबाया तुरीला तेलाचा हात लावतात, तो पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. हवाबंद धातूची कोठी किंवा हल्ली मिळणाऱ्या हवाबंद पिशव्या वापराव्यात. आत कोंडलेला प्राणवायू संपला की कीड आपोआप मरते. मात्र कोठी वरचेवर उघडू नये, विशेषतः पावसाळी दिवशी.

मोठ्या प्रमाणावर माल ठेवावयाचा असेल तर तो घरी ठेवण्याचा हट्ट का धरावा, हे आम्हांस खरोखरच समजत नाही. महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ १९५७ पासून हेच काम करीत आहे. तेथे धुरी देण्याचे काम शिकलेली माणसे, गच्च ताडपत्र्यांखाली, मोजणीच्या साधनांसह करतात. बाजार समित्यांमार्फत १९९० पासून शेतमाल तारण कर्ज योजनाही आहे. माल गोदामात ठेवून त्यावर रक्कम उचलता येते व भाव येईपर्यंत थांबता येते. लातूरची बाजारपेठ रेणापूरपासून काही हाकेच्या अंतरावर नसली तरी दूरही नाही.

कळीचा चुना

मोसंबी, डाळिंब, द्राक्ष अशा बागांत बोर्डो मिश्रणाखेरीज भागत नाही. एक टक्का मिश्रणास १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १०० लिटर पाणी लागते, हे बागाईतदारांस पाठ आहे. ह्यांपैकी कळीचा चुना हा पाण्याशी वैर असलेला पदार्थ. पाणी पडताच तो फुलतो, फुटतो आणि पाणी उकळू लागेल इतका तापतो. त्या उष्णतेने जवळचे वाळलेले गवत, गोणपाट, कागद पेटू शकतात. म्हणून चुन्याची पोती कडब्याच्या गंजीशेजारी वा गळक्या पत्र्याखाली ठेवू नयेत. अंगणात रचलेल्या पोत्यांवर वळवाचा पाऊस पडला आणि पोती फुगून धुमसू लागली, असे प्रकार होतात. डब्यात ठेवावयाचा असेल तर डबा पूर्ण कोरडा असावा. ओल शिरलेल्या घट्ट डब्यात चुना फुगून डबा फुटतो.

चुना विरविताना रुंद तोंडाचे मातीचे किंवा जाड प्लास्टिकचे भांडे घ्यावे, त्यात चुन्याचे खडे ठेवून पाणी थोडे थोडे बाजूने सोडावे, तोंड दूर ठेवावे व लांब काठीने ढवळावे. डोळ्यांवर चष्मा असावाच. ह्या कामी लहान मुले भोवती जमतात, कारण चुन्याचा आवाज व वाफ ही त्यांना मौज वाटते. त्यांना हाकलून द्यावे, मग ती रुसली तरी चालेल. चुन्याचा एक शिंतोडा डोळ्यात गेल्यास बुबुळ कायमचे पांढरे होऊ शकते. मोरचुदाचे द्रावण लोखंडी भांड्यात करू नये, आणि मिश्रण तयार झाल्यावर त्यात स्वच्छ विळा बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस थर चढल्यास चुना कमी पडला असे समजून आणखी निवळी घालावी.

ॲसिड व ब्लीचिंग पावडर

ठिबकच्या नळ्यांतील क्षार काढण्यासाठी गंधकाचे किंवा मिठाचे ॲसिड सोडण्याची पद्धत आता सर्वत्र पोहोचली आहे. गंधकाचे ॲसिड कपाशीचे सरकी बी तंतुरहित करण्यासाठीही पूर्वी नांदेड-परभणी भागात वापरले जाई. हल्ली बी तयारच मिळते. ह्या ॲसिडासंबंधी एकच नियम प्राणांतिक महत्त्वाचा आहे: ॲसिड पाण्यात ओतावे, पाणी ॲसिडात कधीही ओतू नये. कारण समजले म्हणजे नियम विसरत नाही. गंधकाचे ॲसिड पाण्याच्या जवळजवळ पावणेदोन पटींहून जड असते. त्यात पाणी ओतले तर ते वरच तरंगते, दोहोंच्या संगमावर उत्पन्न होणारी सारी उष्णता त्या पातळ थराला मिळते, तो क्षणात उकळतो आणि ॲसिडाचे थेंब घेऊन तोंडावर उडतो. उलट ॲसिड पाण्यात सोडले तर ते खाली जाते व उष्णता साऱ्या पाण्यात वाटली जाते. बादली प्लास्टिकची घ्यावी. लोखंडी वा जस्ताच्या बादलीत ॲसिड धातूला खाते व ज्वालाग्राही वायू सुटतो. अशा वेळी विडी पेटविणारा शेजारी असावयास नको.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. ठिबक संचातील शेवाळ मारण्यासाठी ब्लीचिंग पावडर वापरतात, विहीर शुद्ध करण्यासाठीही ती घरात असते. ही पावडर व ॲसिड एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, जो फुप्फुसे जाळतो. ॲसिडाची व क्लोरीनची प्रक्रिया एकाच दिवशी, एकाच टाकीतून, टाकी न धुता कधीही करू नये. दोन्ही वस्तू एकाच फळीवर ठेवणेही वर्ज्य समजावे. ब्लीचिंग पावडर युरिया, रॉकेल, डिझेल ह्यांच्यापासूनही वेगळी व कोरडी ठेवावी. तिला ओल लागली तर तिचा गुण जातोच, शिवाय खोलीत वायू कोंडतो.

कार्बाइडचे खडे मात्र कोणत्याच शेतकऱ्याने घरात ठेवू नयेत. फळे पिकविण्यासाठी त्यांच्या वापरास अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी बंदी आहे. रानडुकरे व वानरे हाकलण्यासाठी नळीत कार्बाइड व पाणी घालून बार काढण्याची नवी टूम निघाली आहे. पाणी लागताच निघणारा ॲसिटिलीन वायू कधी, किती जोराने पेटेल ह्यावर कोणाचाही ताबा नसतो. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशा नळ्यांनी अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. ज्वारीचे कणीस वाचविण्यासाठी डोळा गमावणे हा कोणता व्यवहार?

खोली, फळी व कुलूप

साठवणीची जागा निवडताना आपण सोय पाहतो, सुरक्षितता पाहत नाही. आखाड्यावर विहिरीच्या मोटारीची खोली असते. तिला दार असते, कुलूप असते, म्हणून औषधे तिथेच. पण तीच खोली शेतातील सर्वांत ओली जागा असते, तेथे विजेच्या ठिणग्या उडतात आणि सांडलेले सारे सरळ विहिरीत जाते. सबब ती जागा सर्वथा अयोग्य. स्वयंपाकघराचा माळा, देवघराशेजारचे कपाट, गुरांचा गोठा ह्यांविषयी तर बोलावयासच नको.

राहत्या घरापासून व गोठ्यापासून अलग, जमिनीपासून उंच जोत्याची, न गळणारी व समोरासमोर झरोके असलेली लहानशी खोली पुरते. पाण्याशी वैर असलेले पदार्थ वरच्या फळीवर, द्रव पदार्थ सर्वांत खालच्या फळीवर ठेवावेत, म्हणजे बाटली फुटली तरी ती चुन्यावर गळणार नाही. ॲसिड एका कोपऱ्यात, ब्लीचिंग पावडर समोरच्या कोपऱ्यात. दाराशी पाण्याची नव्हे तर कोरड्या वाळूची बादली ठेवावी. मृगापूर्वी एकदा भर उन्हात खोलीत जाऊन दार लावून घ्यावे व वर पाहावे. पत्र्यात जेथे उजेडाचा ठिपका दिसेल तेथे जुलैत पाणी येणार आहे.

प्रत्येक वस्तू तिच्या मूळ डब्यातच असावी. डब्यावरील त्रिकोणाचा रंग निरक्षर माणसासही वाचता येतो: लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा. तेलाच्या वा शीतपेयाच्या बाटलीत औषध ओतून ठेवणे हा अपराधच समजावा. एस.टी.च्या डब्यात, पिठाच्या पिशवीशेजारी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पेंडीच्या पोत्यांवर ही सामग्री आणू नये.

कुलूप केवळ मुलांसाठी नसते. नापिकी, कर्ज, घरातील कलह ह्यांनी मन सैरभैर झालेल्या क्षणी विष हाताशी असणे हेच पुष्कळदा घात करते, आणि तो क्षण टळला तर माणूस बहुधा सावरतो. श्रीलंकेने सर्वांत जहाल कीटकनाशके एकामागून एक बंद केली, तेव्हा तेथील आत्महत्यांचे प्रमाण मोठ्या प्रमाणात उतरले. शेतीच्या उत्पन्नावर मात्र विपरीत परिणाम दिसला नाही. किल्ली घरातील एकाच जबाबदार माणसाकडे असावी. आणि त्याच माणसाचे चित्त ठिकाणावर नसेल तर ती दुसऱ्याने मागून घ्यावी. ह्यात संकोच बाळगू नये. अशा माणसाजवळ बसावे, त्याला दवाखान्यात न्यावे.

पाणी व रसायन ह्यांची गाठ पडली म्हणजे काय होते, हे ह्या देशाने एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. १९८४ च्या २ व ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळ येथील कारखान्यात सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट असलेल्या टाकीत पाणी शिरले, टाकी तापली व वायू शहरावर पसरला. पाणी कसे शिरले ह्याविषयी मतभेद आहेत. शिरले ह्याविषयी नाहीत. हे रसायन कशासाठी साठविले होते? कार्बारिल नावाचे कीटकनाशक करण्यासाठी, जे भुकटीच्या रूपाने आपल्याच शेतांत धुरळले जात असे. कारखान्यातील टाकी आणि आपल्या आखाड्यावरचा डबा ह्यांत आकाराचा फरक आहे, गुणधर्माचा नाही.

अपघात झाल्यास

गोळ्या सांडल्या तर पाणी, ओले फडके, शेण काहीही त्यांस लावू नये. माणसे व जनावरे प्रथम दूर न्यावीत, दारे-खिडक्या उघडाव्यात. कोरडे हातमोजे घालून, कोरड्या झाडूने त्या कोरड्या उघड्या भांड्यात गोळा करून उघड्यावर, वस्तीपासून दूर ठेवाव्यात व कृषी अधिकाऱ्यास कळवावे. त्या बंद डब्यात कोंडू नयेत, विहिरीत, संडासात किंवा रेणेच्या पात्रात टाकू नयेत. जुना साठा असेल तर विक्रेत्याकडे परत करण्याविषयी आमच्या कार्यालयात विचारावे. विचारल्याबद्दल कोणी दोष देणार नाही. आग लागल्यास कोरडी वाळू किंवा कोरड्या भुकटीचे अग्निशामक वापरावे, आणि बंब आला तर आत काय आहे हे जवानांना पहिल्याच वाक्यात सांगावे.

वायू लागलेल्या माणसास डोकेदुखी, मळमळ, वांती, छातीत आवळल्यासारखे वाटणे, धाप लागणे ही लक्षणे दिसतात. एकाच घरातील अनेकांना एकदम अशी लक्षणे झाली आणि घरात गोळ्या टाकलेल्या असल्या, तर शिळ्या अन्नाला दोष देत बसू नये. बंद खोलीत एकट्याने धावत शिरू नये. प्रथम बाहेरून दारे-खिडक्या उघडाव्यात, नाही तर सोडविणाराही आत पडतो. रोग्यास मोकळ्या हवेत आणावे, कपडे सैल करावेत, त्यास चालवू नये. १०८ ला ताबडतोब फोन करावा. थोडे बरे वाटले तरी रुग्णालयात न्यावेच. फुप्फुसांत पाणी होण्याचा त्रास पुष्कळदा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उद्भवतो.

गोळी पोटात गेली असेल तर पाणी, दूध, मिठाचे पाणी काहीही पाजू नये आणि बोटे घालून ओकारी काढू नये. ह्या विषावर उतारा म्हणून एखादे ठराविक औषध नाही. जो वेळ घरगुती उपायांत जातो तोच जीव वाचविण्याचा वेळ असतो. वांतीतूनही वायू निघतो, म्हणून गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्यात व रोग्याच्या तोंडास तोंड लावून श्वास देऊ नये. गोळ्यांचे पाकीट बरोबर नेण्यापेक्षा त्यावरील मजकुराचे मोबाईलवर छायाचित्र घ्यावे व ते डॉक्टरांना दाखवावे.

चुना किंवा ॲसिड अंगावर वा डोळ्यांत उडाले असेल तर मात्र हात आखडू नये. अंगावरील चुन्याची कोरडी भुकटी आधी झटकावी, भिजलेले कपडे काढावेत, आणि मग स्वच्छ पाण्याची धार किमान वीस मिनिटे सोडावी. डोळा पापण्या उघडून धुवावा. त्यात तूप, मध, कसलाही रस घालू नये. ज्या दिवशी चुना विरवावयाचा किंवा ॲसिड सोडावयाचे असेल, त्या दिवशी स्वच्छ पाण्याची एक भरलेली घागर कामाच्या जागेपासून चार पावलांवर, आधीच ठेवलेली असावी.